मागच्या सीटवर काय ठेवायचं

४ फेब्रुवारी

छोटी,

थोरल्या जावेचं पत्र, तेही पोस्टाने आणि तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर, म्हणून दचकू नकोस. सगळे सुखरूप आहोत. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे सासूबाईंच्या कानात बोलणं. डॉक्टर म्हणतात आईंना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. आपलं नाव निघालं की मात्र दोन्ही कान शाबूत असतात. मेसेज टाकावा तर तो तुझ्या पुतण्याच्या टॅबवरही उघडतो आणि तो आजीला मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून पत्र. आमच्या पाणीपुरवठा ऑफिसात रोज ढीगभर टपाल येतं, त्यात तुझं एक पाकीट खपून जाईल. उत्तर ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव.

विषय असा. मामंजी गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, आई आमच्याकडे आहेत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही आणि कधी नव्हती, हे आधी लिहून ठेवते. पण माणसाला हवापालट लागतो. त्यांनाही लागत असेलच, बोलून दाखवत नाहीत इतकंच. तर दोन्ही घरांनी एका रविवारी भेटावं असं मी आणि यांनी ठरवलंय. तुमच्या गावाच्या आणि आमच्या गावाच्या बरोबर मध्ये ती तळ्याकाठची बाग आहे, तिथे. तिला दोन गेट आहेत, एक तुमच्या रस्त्याला आणि एक आमच्या. कुणालाच वळसा पडत नाही. कुणाच्या घरी जमायचं म्हटलं की यजमान कोण आणि पाहुणा कोण हे येतं. बागेत सगळे सारखेच.

खाण्याचं तू बघ. तू तो पिकनिकच्या थीमचा कोर्स केला आहेस, तर तुझ्या हाताला वाव मिळू दे. फक्त सुटसुटीत असू दे, नेता येईल, सांडणार नाही असं. ८ मार्चचा रविवार धरते.

आईंची एक लहान बॅग बरोबर असेल. उन्हं-वारं असतं, एखादा कपडा असलेला बरा.

ताई

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुमचं पत्र आलं आणि दुकानातल्या मुलीसमोरच मी टाळ्या वाजवल्या. किती गोड कल्पना! इतकी वर्षं लोकांच्या भेटवस्तू रंगीत कागदात गुंडाळून देतेय, आता आपल्या माणसांसाठी काहीतरी करायला मिळणार. कोर्समध्ये आमच्या मॅडम म्हणायच्या, पिकनिकला जेवण नसतं, गोष्ट असते. ती आधी ठरवायची, मग पदार्थ.

माझ्या डोक्यात तीन थीम आहेत. एक, पिवळी. केळी, मक्याचे दाणे, अननस, अंडी उकडून अर्धी कापून पिवळं वर, लिंबाचं सरबत, सगळ्यांचे कपडे पिवळे. दोन, गोल. गोल पाव, गोल काकडी, द्राक्षं, बटाट्याचे गोळे, टरबुजाचेही गोळेच. तीन, आठवणींची. प्रत्येकाने लहानपणी शाळेच्या डब्यात जे नेलं ते आणायचं आणि त्याबद्दल दोन शब्द बोलायचे. मला वैयक्तिक पिवळी आवडते. तळ्याच्या निळ्यावर फोटो फार सुंदर येतील.

आईंना हवापालट हवा हे अगदी पटलं. दिवसभर बागेत बसतील, मोकळी हवा खातील, संध्याकाळी ताज्यातवान्या होऊन तुमच्याबरोबर परत येतील. खरं सांगू का, त्यांचा जीव तुमच्यातच आहे. मागे आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा चौथ्या दिवशी विचारायला लागल्या, थोरलीने गॅसचा नॉब नीट बंद केला असेल ना. आणि सध्या तर आमच्याकडे नुसता पसारा आहे. रंगकाम काढलंय, लिफ्ट बंद आहे, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. जुळ्यांना दमा होतोय की काय अशी मला भीती वाटते. मनात खूप येतं, पण करणार काय.

बॅग लहान असेल म्हणता ते बरं. लहान बॅगेला पिवळी रिबिन छान दिसेल.

तुमची छोटी

१६ फेब्रुवारी

छोटी,

पिवळी थीम रद्द. आईंना अंड्याचं पिवळं चालत नाही, अननसाने तोंड येतं आणि पिवळा रंग त्यांना ऑपरेशन थिएटरमधल्या आयोडिनची आठवण करून देतो, असं त्या म्हणतात. छत्तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होत्या, त्यामुळे प्रत्येक रंगाचं त्यांच्याकडे काहीतरी असतंच. गोल थीमही नको, द्राक्षं घशात अडकतात.

माझी सूचना अशी की थीमच 'आईंच्या आवडीचं' ठेवू. तुलाही त्या निमित्ताने सवय होईल. तर लक्षात घे. मीठ कमी, पण अळणी नाही. अळणी केलं की त्या ताट बाजूला सारतात आणि काही बोलत नाहीत, आणि ते न बोलणं दोन दिवस चालतं. काकडी सोलून, बिया काढून. पाव चालतो, कडा नकोत. दात खालचे आणि वरचे दोन्ही बसवलेले आहेत, त्यामुळे चावून तोडायचं काही नको. चहा चारला. चार म्हणजे चार. झोपायच्या आधी पाय कोमट पाण्यात, त्यासाठी त्यांचा टब वेगळा आहे. तो मी बरोबर देते.

रंगकामाचं म्हणशील तर रंग आठ दिवसांत वाळतो. लिफ्टची चौकशी आमच्या ऑफिसातल्या ज्या इंजिनियरकडे मी केली तो म्हणाला, मार्चच्या पहिल्या आठवड्यात होईल. गॅसच्या नॉबचं ऐकून बरं वाटलं, पण त्या इथे असताना रोज विचारतात की धाकट्याच्या घरी जुळ्यांचे केस कोण विंचरतं. जीव त्यांचा सगळीकडे आहे.

बॅग मधली होईल असं दिसतंय. स्वेटर आत गेला.

ताई

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

'आईंच्या आवडीचं' वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण कोर्समध्ये आम्हाला शिकवलंय की थीम माणसावर ठेवायची नाही, माणसाला अवघडायला होतं. सगळे त्यांच्याकडे बघत बसतील. म्हणून मी एक मधला मार्ग काढलाय. 'राजेशाही दुपार'. पांढरा टेबलक्लॉथ, फोल्डिंग टेबल, दोन मोठ्या वेताच्या टोपल्या, एक तीन मजली केक स्टँड, काचेचा सरबताचा बुधला नळासकट, आणि झालर लावलेली छत्री. छत्री उघडली की आठ माणसं बसतात. बंद केली की जरा लांब असते.

आता हे सगळं आमच्या छोट्या गाडीत कसं बसेल याचा मी पुठ्ठ्याची खोकी रचून अंदाज घेतला. पुढे आम्ही दोघं. मागे दोन खिडक्यांशी जुळ्या, त्यांना खिडकीच लागते. मधल्या जागेवर केक स्टँड, पायांपाशी टोपल्या, आणि छत्री डिकीतून मधोमध पुढे येते ती थेट हँडब्रेकपर्यंत. हे म्हणाले, आता माशी बसायलासुद्धा जागा नाही. परत येतानाही तसंच, कारण सामान काही खाऊन संपत नाही.

मला इतकं वाईट वाटलं. म्हणजे समजा कुणाला येताना आमच्याबरोबर यावंसं वाटलं असतं, सहज, तर.

तुमची छोटी

२४ फेब्रुवारी

छोटी,

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला.

आपण आठ माणसं तळ्याकाठी बसून चार घास खाणार आहोत. त्याला तीन मजली केक स्टँड कशाला? पहिल्या पत्रात मी 'सुटसुटीत' हा शब्द लिहिला होता. मी विचार करून ठरवलंय ते असं. सगळं काडीवर करायचं. उकडलेल्या बटाट्याचे तुकडे, चीज, काकडी, पावाचे चौकोन, फळं, जे काय असेल ते बांबूच्या काड्यांना टोचायचं. म्हणजे ताट नको, वाटी नको, चमचा नको, टेबल नको. चपट्या डब्यांत आडव्या काड्या भरल्या की चार डब्यांत आठ माणसांचं जेवण मावतं आणि ते डबे सीटखाली सरकतात. सीटवर नाही. सीटखाली. याला थीम म्हण, काही म्हण.

जड सामान सगळं आमच्या गाडीत. टरबूज, पाण्याचा मोठा कॅन, चटया, बर्फाची पेटी. तुम्ही अगदी रिकामे या. जुळ्या आता सात वर्षांच्या आहेत, एकीने मध्ये बसायला हरकत नसावी.

आईंना मी अजून काही बोलले नाही. त्यांना वाटतंय पिकनिक आहे. आहेच. बॅग मात्र मोठी घ्यावी लागली, टब मधल्या बॅगेत जात नव्हता.

ताई

२८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

काडीवरचं जेवण! मी आधी नाक मुरडलं होतं, पण करून पाहिलं आणि वेडीच झाले. लाल, पांढरं, हिरवं एका ओळीत काय दिसतं म्हणून सांगू. काड्यांच्या टोकांना मी कागदी झेंडे लावणार आहे. बटाटे आणि चीज मी करते, फळं आणि पाव तुम्ही. केक स्टँड रद्द, छत्री रद्द. टेबल तेवढं आणते, त्याच्याशिवाय फोटो येत नाहीत. ते टपावर बांधेन.

मागची जागा रिकामी ठेवते. तुम्ही म्हणता तर ठेवते. बाकी तिथे काय होतं ते बघू, माणसाचं मन आयत्या वेळी बदलतं. आईंचं विशेषतः.

छोटी

१० मार्च

छोटी,

काल दिवसभर तुला पत्र लिहायचं म्हणत होते, आज बसले.

पिकनिक छान झाली. बटाटे जरा कच्चे होते आणि चीज खारट, पण मुलांनी संपवलं. झेंडे वाऱ्याने तळ्यात उडाले आणि बागेचा रखवालदार शिट्टी वाजवत आला, तेव्हा मला ऑफिसची आठवण झाली. हे आणि भाऊजी दोघे भाऊ किती दिवसांनी मनापासून बोलले. पूर्ण वेळ गाडीच्या मायलेजवर बोलले, पण बोलले.

आता मुद्द्याचं. निघायच्या सुमाराला आईंनी मला बाकावर शेजारी बसवलं आणि स्वतःहून म्हणाल्या, "मी धाकट्याच्या गाडीने जाते. तुम्ही निघा, उशीर होईल." मला इतकं भरून आलं. मी सहा वर्षं ज्या गोष्टीचा विचार करत होते ती त्यांनी एका वाक्यात उरकली. मी "बरं" म्हटलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांची बॅग बाकाशेजारीच ठेवली होती, ती तू डिकीत टाकली असशीलच. तेवढ्यात बाग बंद व्हायची शिट्टी झाली, आमच्या गेटपाशी गाड्यांची रांग लागली, म्हणून तुमचा निरोप न घेता निघालो. राग मानू नकोस.

त्यांचा फोन इथेच चार्जिंगला राहिला. घाई नाही. यांना मी बजावलंय की आठ दिवस फोन करायचा नाही. आवाज ऐकला की माणूस हळवं होतं आणि रुळत नाही. त्या रुळल्या का? चहा चारला देतेस ना? आणि रात्री टबात पाणी घालताना कोपर बुडवून बघ, त्यांना कडकडीत चालत नाही.

घर फार शांत वाटतंय. मी त्यांच्या खोलीतलं कपाट हलवून खिडकीखाली आणलं. उजेड चांगला येतो.

ताई

१० मार्च

प्रिय ताई,

पिकनिकचे फोटो पाठवते आहे, कागदावर काढून घेतले म्हणजे घरात लावता येतील. एकसष्ट निघाले, त्यातले बारा निवडले. काड्यांचा तो वरून काढलेला फोटो मी दुकानाच्या पानावर टाकला तर दोघी बायकांनी ऑर्डरची चौकशी केली. तुमच्यामुळे, ताई. टरबूज मात्र कापून आणायला हवं होतं. दादा ते काठाच्या दगडावर आपटत होते ते काही बरं दिसलं नाही.

आणि तुमची क्षमा मागायची आहे. तुम्ही इतक्या मनाने आईंना आमच्याकडे पाठवायचं ठरवलं होतं. मी जागाही ठेवली होती, एकीला रडवून मध्ये बसवलं होतं. पण निघताना आई मला नळापाशी भेटल्या, डबे धूत होते मी, आणि म्हणाल्या, "मी थोरल्याबरोबर परत जाते. तुझ्याकडे सध्या रंगकाम आहे." मी काय बोलणार? मोठ्या माणसाचं मन मोडवत नाही. मी त्यांच्या गळ्यातच पडले. नंतर बाकाकडे पाहिलं तर बॅगही नव्हती, म्हणजे तुम्ही ती परत उचललीत. तुमचा मोठेपणा. तोंडाने काही बोलला नाहीत.

मी यांना सांगून ठेवलंय की इतक्यात फोन करू नका. तुम्हाला आधीच वाईट वाटलं असेल, त्यात आपण चौकशी करणं म्हणजे जखमेवर मीठ.

त्या बऱ्या आहेत ना? रविवारी खाल्लं कमी असं मला वाटलं. तुम्ही घरी गेल्यावर काही गरम दिलं असेलच.

तुमची छोटी

१३ मार्च

छोटी,

आपली पत्रं काल एकाच टपालात एकमेकींना मिळाली आणि त्यानंतर फोनवर जे झालं ते झालं. मी पाणीपुरवठ्याच्या काउंटरवर उभी राहून तुझ्याशी त्या आवाजात बोलले, सगळं ऑफिस ऐकत होतं. तुझी मुलगी मागे रडत होती तेही मला ऐकू येत होतं. त्याबद्दल नंतर. पुढेमागे कुणी विचारलं तर नोंद असावी म्हणून हे लेखी.

एक. आईंनी मला स्पष्ट सांगितलं की त्या तुमच्या गाडीने जात आहेत. दोन. तुम्हाला त्यांनी उलट सांगितलं असं तू म्हणतेस. मी ते खोटं म्हणत नाही. तीन. तुमची गाडी तुमच्या गेटने गेली, आमची आमच्या. म्हणजे दोघांपैकी कुणीही आई दुसऱ्या गाडीत बसताना पाहिलं नाही.

काल दुपारीच हे आणि भाऊजी आपापल्या गावाहून बागेपाशी पोचले. भेटल्या भेटल्या एकमेकांना म्हणाले, "तुझ्याकडे होती ना?" तिथून पोलीस चौकीत गेले. तिथल्या बाईंनी फोटो मागितला. यांच्या मोबाइलमध्ये आईंचा फोटो सापडेना. भाऊजींनी तू त्यांच्या मोबाइलवर पाठवलेले फोटो उघडले. एकसष्टच्या एकसष्ट पाहिले. काड्या आहेत, झेंडे आहेत, टेबल चार बाजूंनी आहे. एका फोटोत बटाट्याच्या डब्यामागे आईंचं कोपर आहे. पोलीसबाईंनी ते मोठं करून पाहिलं आणि विचारलं, घरात आणखी कुठला फोटो नाही का. हे म्हणाले, आहे, माझ्या लग्नातला.

मग अंगावर काय कपडे होते, असं विचारलं. यांनी सांगितलं निळे, भाऊजींनी सांगितलं पांढरे. मी घरी बसून आठवायचा प्रयत्न केला. मला त्यांच्या बॅगेत काय काय होतं ते सगळं सांगता येतं. अंगावर काय होतं ते येत नाही.

बागेच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणतो, रविवारी खूप लोक येतात, चौकशी करून सांगतो. आज पुन्हा दोघे गेलेत.

आमच्या घरी काल कुणी जेवलं नाही. तुझा पुतण्या आजीच्या खोलीत जाऊन बसलाय आणि कपाट पूर्वी होतं तिथे ढकलतोय. एकट्याला हलत नाही. मी मदतीला गेले तर म्हणाला, तू नको.

तुला काही कळलं तर रात्र-अपरात्र बघू नकोस. सरळ घरच्या फोनवर कर.

ताई

१४ मार्च

थोरली आणि धाकटी, दोघींना,

हे एकच पत्र मी दोनदा लिहून दोघींना टाकतेय, म्हणजे कुणाला काय सांगितलं यावरून पुन्हा घोळ नको.

मी बरी आहे. बागेपासून जवळच, गावातल्या बाजाराच्या रस्त्याला, औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांत माझी एक जुनी मैत्रीण राहते. आम्ही एकाच वॉर्डात होतो. मी मोठी सिस्टर, ती लहान सिस्टर, अजून सगळे तिला तेच म्हणतात. तिच्याकडे आहे. काल बागेचा रखवालदार सांगत आला की दोन माणसं मोबाइलवर कुणाचं तरी कोपर दाखवत फिरतायत आणि एकजण रडवेला झालाय. त्याने मला विचारल्याशिवाय पत्ता दिला नाही. चांगला माणूस आहे, त्याच्यावर रागावू नका. तुम्ही पोलिसांपर्यंत जाल असं मला वाटलं नव्हतं. चौकीत मी स्वतः जाऊन सांगून आले.

मला काही कळत नव्हतं असं समजू नका. पिकनिकला जाणाऱ्या बाईच्या बॅगेत लोकरीचा स्वेटर आणि पाय शेकायचा टब जातो तेव्हा वॉर्डातला नवा पेशंटसुद्धा ओळखेल की मुक्काम किती दिवसांचा आहे. थोरली, तू सहा वर्षं माझं केलंस. चहा एक दिवस चुकला नाही. पण तुला कंटाळा आलाय हे तोंडावर सांगितलं असतंस तर मी तुला चहा करून दिला असता आणि आपण काहीतरी ठरवलं असतं. धाकटी, तुझं रंगकाम दोन वर्षांपूर्वीही चालू होतं. नको असेल तर नको म्हणावं. मी आयुष्यभर लोकांना इंजेक्शनं दिली आहेत, दुखणार आहे हे आधी सांगितलं की माणूस कमी ओरडतं.

मी सिस्टरला आधी पत्र टाकून बोलावून ठेवलं होतं. तिला म्हटलं होतं, बाग बंद व्हायच्या वेळी बाहेर थांब, मी हात केला तरच आत ये. मग मी एकीला एक सांगितलं, बॅग बाकामागच्या झुडपात सरकवली आणि दुसरीला दुसरं सांगितलं. मला पाहायचं होतं. थोरली म्हणाली "बरं". धाकटीने मिठी मारली. 'नक्की का?' असं दोघींपैकी कुणी विचारलं नाही. विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं आणि निमूटपणे कुठल्याही गाडीत बसले असते.

तुमच्या गाड्या गेल्यावर मी पुन्हा बाकावर येऊन बसले. वाटलं, रांगेतून बाहेर पडेपर्यंत कुणाच्या तरी लक्षात येईल. एक गाडी परत वळली तरी मी हात करणार नव्हते, सिस्टरला तसंच परत पाठवणार होते. रखवालदाराने एक गेट लावलं, मग दुसरं लावायला गेला. सिस्टर बाहेरून बघत होती. शेवटी मीच हात केला. तो उचलायला मला वेळ लागला, एवढं सांगते. घरी आल्यावर तिने गरम भात वाढला, कारण तुमच्या काड्यांवरचं मला काही खाता आलं नव्हतं. पाव चांगला होता, पण तो बटाट्याच्या आणि चीजच्या मध्ये अडकवला होता, आणि सगळे फोटो काढत असताना काडीवरून पाव सोडवत बसायला मला संकोच वाटला.

नंतर चार दिवस मी इथे वाट पाहिली. सोमवारी कुणी येईल, मंगळवारी तरी येईल. बुधवारी खालच्या दवाखान्यात एका बाईच्या पायाची जखम चिघळली होती. डॉक्टर तरुण आहे, पट्टी सैल बांधत होता. मी जाऊन बांधून दिली. आता तो सकाळी मला बोलावतो. मी काही दिवस इथेच राहणार आहे. किती ते मला माहीत नाही. थोरलीच्या मुलाला सांगा, आजी रागावलेली नाही, त्याने माझा फोन घेऊन यावा. सुट्टीत इथे राहायला यावं. जुळ्याही आल्या तर खाटेवर तिघे मावतील.

तुम्ही पुढच्या रविवारी या. धाकटीने सकाळी यावं, थोरलीने दुपारनंतर. एकदम येऊ नका. एकत्र आलात की तुम्ही एकमेकींशीच बोलत बसता. खायला काही आणू नका, इथे स्वयंपाक होतो.

आणि शेवटचं. हे पत्र मी सुनांच्या नावे टाकलं, कारण माझे मुलगे पाकीट हातात घेऊन 'कुणाचं आलंय बघ गं' म्हणतात आणि बायकोकडे देतात. आत्तापर्यंत तुम्ही दोघी एकमेकींशी भांडला असाल आणि ते दोघे मध्ये पडून तुम्हाला समजावत असतील. तुम्ही निदान माझ्या बॅगेचा विचार केलात, माझ्या चहाचा केलात. गाड्या मात्र ते चालवत होते. मागे कोण बसलंय ते दिसावं म्हणून ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर आरसा लावलेला असतो. एवढं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आई